पेशी वाढल्या आणि काका गोड झाले

माझे काका डेंग्यूतून उठले ते गोड होऊन उठले, आणि अख्ख्या खानदानाला त्याचा इतका आनंद झाला की माणूस आतून बुडतो आहे हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे मी रागात लिहिते आहे. राग उतरायची वाट पाहिली तर घरात जी हकीकत सांगितली जाते तीच खरी ठरेल. घरची हकीकत अशी: काकांना डेंग्यू झाला, जरा डोक्यात गेला, देवाच्या कृपेने निभावलं. या वाक्यात देव सोडला तर कोणीच काही केलेलं दिसत नाही. कोणी काही करायचं राहिलं असंही दिसत नाही, आणि तेच सगळ्यांना सोयीचं आहे.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. रोह्याला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आणि आता शहराला खेटून वाढलेल्या वरसे गावात, एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे. आमची जमीन आतल्या गावात, भाताची आणि वालाची. ती नावावर राहिली आणि माणसं मास्तर होऊन तालुक्याला आली. काकांचं एक आहे, चूक दिसली की ती त्यांना सांगावीच लागते. रिक्षावाल्याला त्याचं वळण, भाजीवालीला तिचा काटा, बँकेतल्या साहेबाला त्याचं व्याज. भावकीतल्या एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी उठून भटजींना घड्याळ दाखवलं होतं, मुहूर्त टळलाय म्हणून. मुहूर्त खरंच टळला होता. म्हणूनच त्यांना कोणी माफ केलं नाही.

काकू हायवेवरच्या खांब गावाजवळची, सातवी शिकलेली. लग्न झाल्यापासून काका तिच्या स्वयंपाकाला दहापैकी गुण देत आले. "सहा. मीठ उशिरा घातलंस." सणासुदीला आठ. आठाच्या वर त्यांची गाडी कधी गेली नाही. काकू म्हणायची, "मी काय तुमच्या वर्गात बसलेय?" आणि दुसऱ्या दिवशी मीठ वेळेवर घालायची.

माझं त्यांच्याशी असलंच काहीतरी होतं. मी पेणला असते. आमचा एक गट आहे. आम्ही पत्रकं काढतो, वाटतो, निवेदनं देतो, आणि निवेदनं घेणारे साहेब आम्हाला चहा पाजून वाटेला लावतात. प्रत्येक पत्रक छापायच्या आधी मी काकांना पाठवायचे. ते रोह्यात जाऊन त्याची प्रिंट काढायचे, लाल पेनाने रक्तबंबाळ करायचे आणि फोटो परत पाठवायचे. 'धगधगता प्रश्न' याच्या खाली लिहिलेलं असायचं: काडी कोणी लावली? 'जनता पेटून उठेल' याच्या समोर: कधी ते कळव, मी खिडकीत बसतो. मग मी फोन करून भांडायचे.

"ओरडू नकोस," ते म्हणायचे. "ओरडणाऱ्याचं लोक बघतात, ऐकत नाहीत. पुरावा दे."

मी चिडून पुरावा शोधायला जायचे आणि परत यायचे तेव्हा पत्रक निम्मं झालेलं असायचं. आमच्या घरात कोणी कोणाला जवळ घेत नाही. आमचं जवळ घेणं ते हेच.

त्या वर्षी पाऊस सरत आला तेव्हा पत्रक नेमकं डेंग्यूचं होतं. पेणमध्ये बारा महिने गणपती घडतात, आणि कारखान्यांच्या मागच्या अंगाला माती भिजवायची पिंपं, रंगाचे रिकामे डबे, टाकून दिलेले साचे, सगळं पावसाच्या पाण्याने भरलेलं. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, निवांत पाणी लागतं. हे सांगायला गेलं की मालक म्हणणार, "बाप्पाच्या घरात कसला गो डास?" माझी पत्रकं कारागिरांना ब्रश पुसायला बरी पडायची. एकाने तर सुचवलंही, "ताई, पुढच्या टायमाला जरा जाड कागद घ्या, हा लगेच भिजतो."

काकांना डास चावला तो मात्र त्यांच्या इमारतीतलाच. त्यांच्या इमारतीत नळाच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक गॅलरीत एक निळं पिंप. पिंपाला झाकण म्हणून कुठे जुना पाट, कुठे पोतं, कुठे काहीच नाही. काकांनी स्वतःच्या पिंपावर कापड बांधून घेतलं होतं आणि शेजाऱ्यांची दारं ठोठावून ठोठावून सगळ्यांना वैताग आणला होता. डासाला त्यांच्या कापडाचं काय. तो शेजाऱ्यांकडून आला.

काकांना डेंग्यू झाल्याची बातमी पसरली तेव्हा धुराचं यंत्र आलं. यंत्रामागे एक पुढारी आणि पुढाऱ्यापुढे उलटं चालत फोटो काढणारा. रस्त्याकडेच्या गटाराला मनसोक्त धूर दिला. गटारात डेंग्यूचा डास राहत नाही. तो वर कोणाच्या तरी गॅलरीत बसून हा कार्यक्रम बघत असणार.

रोह्यातल्या एका लहान दवाखान्यात काकांना दाखल केलं आणि मग सुरू झाला पेशींचा, म्हणजे प्लेटलेट्सचा, उत्सव. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे लग्नाला जाण्याइतकंच सक्तीचं आहे. जो येत नाही त्याची आठवण पुढची दहा वर्षं काढली जाते. येणारा प्रत्येक जण हातात शहाळं नाहीतर किवी घेऊन येतो, पलंगाच्या कडेला टेकतो आणि एकच प्रश्न विचारतो. पेशी किती? ताप किती, पोटात दुखतं का, लघवी होते का, हे कोणी विचारत नाही. भावकीच्या ग्रुपवर पेशींचा भाव फिरायचा. घसरल्या. अजून घसरल्या. जरा सावरल्या. लगेच हात जोडलेली चित्रं. आसपासच्या पपईच्या झाडांना त्या आठवड्यात पान राहिलं नसेल, इतका रस पाजला.

काका तेव्हा काकाच होते. अंगात फणफणता ताप आणि सलाईनचे थेंब मोजून नर्सला सांगत होते की तुमच्या या वेगाने बाटली संपायची नाही. पपईचा रस घेऊन आलेल्या मेव्हण्याला म्हणाले, "उद्या झाडाला ताप आला तर त्याला माझा रस पाजाल काय?"

मग ताप गेला. पेशी वाढल्या. काकूच्या भावाने पेढे वाटले. दवाखान्यातून सोडलं आणि ग्रुपवर एकाने लिहिलं, डेंग्यू हरला, काका जिंकले. त्याखाली एकवीस अंगठे.

त्यांना घरी आणल्यावर मी पेणहून बघायला गेले. दार उघडंच होतं. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मला पाहून हसले.

"ये बाळ," ते म्हणाले.

मला त्यांनी उभ्या जन्मात बाळ म्हटलेलं नव्हतं. मी पाळण्यात होते तेव्हाही म्हटलं नसेल.

काकूने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिचा चेहरा उजळलेला. असा मी भावकीतल्या कुठल्या लग्नातही पाहिला नव्हता. "बघितलंस गो? कसे शांत झालेत. आल्यापासून एक शब्द उलटून नाय. खालच्या मजल्यावरच्याने गाडी आपल्या जागेत लावली. मी म्हटलं आता पेटतंय. तर म्हणाले, असू दे." मग आवाज खाली आणून, कोणी ऐकेल की काय अशा तऱ्हेने म्हणाली, "काल दुधीची भाजी केली. दहा दिले."

"किती?"

"दहापैकी दहा. मी दोनदा विचारलं. दोनदा दिले."

मी बाहेर येऊन बसले. बघायला येणाऱ्यांची रीघ चालूच होती आणि प्रत्येक जण सुखावून जात होता. वर्गात ज्यांचे कान काकांनी पिळले होते ते आता टक्कल पडलेले गृहस्थ काकांच्या पाया पडून त्यांना हवं ते सांगत होते आणि काका मान हलवत होते. व्हय. व्हय. आयुष्यभर पोरांच्या तोंडातलं व्हय काढून तिथे होय बसवणारे काका. एक बाई म्हणाल्या, "आजार माणसाला शिकवतो हो." दुसऱ्या म्हणाल्या, "मरण जवळून बघितलं की अहंकार गळतो." घरात जणू कीर्तन चाललेलं, आणि ज्याच्यावर चाललेलं तो माणूस चहाचा कप हातात धरून बसला होता. चहावर साय आली तरी त्याला तो प्यायचा असतो हे आठवत नव्हतं.

मी डेंग्यूचं पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यात मी मुद्दाम नव्हे, सवयीनेच, 'झोपलेलं प्रशासन खडबडून जागं होईल का?' असं लिहिलेलं होतं. या वाक्यावर एरवी किमान तीन लाल रेघा. काकांनी कागद पाहिला. पाहिला म्हणजे डोळे त्याच्यावर ठेवले. "छान," ते म्हणाले. "फार छान लिहितेस."

मी कागद परत घेतला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

मग मला एकेक दिसायला लागलं. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. बेसिनशी हात धुवायला गेले ते नळ सोडून तिथेच उभे. बोलता बोलता डोळे मिटत होते. कपाळ दाबून धरत होते. काकूकडे प्रत्येकाचं कारण तयार होतं. बटणं चष्म्यामुळे. झोप अशक्तपणामुळे. डोकं दुखतं ते इतक्या लोकांच्या बडबडीमुळे. यातलं एकेक घेतलं तर खरंही वाटावं.

मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "दादा पहिल्यांदा माणसासारखा वागतोय तर तुला ते बघवत नाही."

"त्यांच्या डोक्याला काहीतरी झालंय."

"तुला सगळीकडे काहीतरी झालेलंच दिसतं. गेल्या महिन्यात नगरपालिकेला झालं होतं."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटायला गेले. त्यांनी मोबाईलवरून नजर न काढता फाईल उघडली. "पेशी एकदम छान आहेत."

"मी पेशींचं विचारत नाहीये. वागणं बदललंय."

"वय आहे, ताई. अशक्तपणा. आठवडाभर आराम, भरपूर पाणी." मग ओळख पटली. "तुम्ही त्याच ना, पत्रकवाल्या? घरच्या माणसाच्या बाबतीत एवढं टेन्शन घ्यायचं नसतं."

ही आमच्यासारख्यांची अडचण. गटारासाठी ओरडलो, रस्त्यासाठी ओरडलो, पिंपांसाठी ओरडलो, आणि प्रत्येक वेळी खरंच ओरडण्यासारखं होतं. पण लोकांना आवाज सवयीचा होतो. आता माणूस जातोय म्हणून ओरडले तरी त्यांना पत्रकच ऐकू येत होतं. काका हेच सांगत आले होते, आणि ते खरं आहे हे मला अशा दिवशी पटावं की ज्या दिवशी ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

पटवायचं होतं ते एका काकूला. घरातून माणूस हलवायचा तर तिचा शब्द लागणार. आणि तिचा शब्द मागणं म्हणजे तिच्या हातात नुकतंच पडलेलं सुख काढून घेणं. मला ते कळत होतं, तरी मी ते केलं.

दुपारी माणसं पांगली. काकू आत पोळ्या लाटत होती. मी काकांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काका, सात आठे चोपन्न ना?"

काका हसले. "व्हय. चोपन्न."

"आणि नऊ साते बहात्तर?"

"बहात्तर."

लाटण्याचा आवाज थांबला. काकू दारात आली, हाताला पीठ. तिने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी घरात येऊन तिचं काहीतरी फोडलं होतं. मग ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, सात आठे किती?"

काकांनी तिच्याकडे वर पाहिलं, फार प्रेमाने. "तू म्हणशील तेवढे," ते म्हणाले.

काकू आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिने हात धुतले होते आणि पर्स खांद्याला होती.

गाडी काढली ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने, ज्याने काकांच्या जागेत ती लावली होती. एक शब्द न विचारता काढली. त्याच्या बाजूने एवढं लिहून ठेवते. पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, तर नागोठण्याला भिसे खिंडीतून जवळ पडलं असतं, पण काकूने कोलाडवरून घ्यायला लावली. खांबला तिचा भाऊ राहतो, त्याला बरोबर घ्यायचं होतं. "सोबत पुरुष माणूस हवा," ती म्हणाली. गाडी चालवणारा पुरुष आणि मागे झोपलेला पुरुष हे त्यात धरत नाहीत.

फोन केलेला असूनही पुरुष माणूस तयार नव्हता. आम्ही हायवेच्या कडेला थांबलो आणि तो इस्त्रीचा शर्ट घालत बाहेर आला. गाडीच्या खिडकीत वाकून त्याने आत पाहिलं.

"काय दाजी, चांगले दिसताय की. पेशी किती?"

काका त्याला उत्तर द्यायला निघाले असावेत. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मग उजवा हात झटके द्यायला लागला, मग सगळं अंग. काकूच्या भावाने शर्टाची बाही अर्धी घातलेली तशीच सोडली आणि पळाला, मदत आणायला म्हणून. आणला काय, तर शेजारच्या हॉटेलातून कांदा. तो फोडून काकांच्या नाकाला लावायचा आग्रह. दुसरा कोणीतरी चप्पल काढून तयार. मी काकांना कुशीवर वळवलं आणि त्यांच्या तोंडात काही घालू दिलं नाही, एवढंच मला माहीत होतं. कांदेवाल्या मामांना मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे.

झटके थांबले. काका घोरल्यासारखे श्वास घेत होते. काकू पुढच्या सीटवरून मागे वळून त्यांच्या पायाला हात लावून बसली आणि शेजाऱ्याने गाडी सोडली. या हायवेवर आम्ही किती पत्रकं काढली असतील. धगधगता, रखडलेला, मृत्यूचा सापळा. त्या दिवशी त्यातला एकही शब्द डोक्यात आला नाही. प्रत्येक खड्ड्याला काकांचं डोकं माझ्या मांडीवरून उडत होतं आणि मी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. पेण आलं, गेलं. माझं घर रस्त्याला लागून आहे, तिकडे मी पाहिलंही नाही.

पनवेलच्या पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताप उतरल्यावर वागण्यात काही फरक पडला होता?" पेशींबद्दल एक अक्षर नाही. मला तिथल्या तिथे रडू आलं.

"व्हय," काकू म्हणाली. "चांगले वागत होते."

डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. हसल्या नाहीत. मेंदूचा फोटो काढला, पाठीतून पाणी काढून तपासलं, रक्त पुन्हा तपासलं. मग आम्हाला बसवून सांगितलं. डेंग्यूत क्वचित मेंदूला सूज येते. कधी विषाणू तिथवर पोचतो, कधी यकृत बिघडल्याने किंवा रक्तातलं सोडियम खाली गेल्याने मेंदू गोंधळतो. ताप उतरत असताना, पेशी वाढत असतानाही हे होऊ शकतं. माणूस सारखा झोपतो, वागणं बदलतं, फिट येते. काकांच्या बाबतीत सूजही होती आणि सोडियमही तळाला गेलं होतं.

"औषध?" मी विचारलं.

"डेंग्यूला सरळ औषध नाही. फिट थांबवायची, सूज सांभाळायची, सोडियम सावकाश वर आणायचं. घाई करून चालत नाही. आणि वाट बघायची."

"बरे होतील ना?"

"बरेच जण होतात," त्या म्हणाल्या. त्यांनी 'हो' म्हटलं नाही, हे काकूच्या आणि माझ्या दोघींच्याही लक्षात आलं.

बाहेर बाकावर बसलो. भिंतीवर एक पोस्टर होतं, त्यावर डोळे वटारलेला डास आणि खाली 'घाबरू नका, काळजी घ्या'. कसली काळजी, तर पाणी साठू देऊ नका. ताप उतरल्यावरही माणसाकडे बघा, तो वेगळा वागायला लागला तर थांबू नका, हे कुठल्याच पोस्टरवर नाही. एका ओळीची जागा लागते. डासाचा एक डोळा लहान काढला तरी भागेल.

काकूने ते पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे ते दहा पण आजारातलेच?"

मी म्हटलं, "व्हय, काकू."

"बरं." तिने पर्सचा पट्टा नीट केला. "मीठ उशिराच पडलं होतं त्या दिवशी. मला माहीत होतं."

संध्याकाळी भावकी आली. गाड्या भरून आली, शहाळी घेऊन, जी अतिदक्षता विभागात कोणी आत नेऊ देत नाही. वडील आले, कांदेवाले मामा आले. एका काकांनी, म्हणजे लांबच्या, मला बाजूला घेऊन विचारलं, "आता पेशी किती आहेत?"

"पेशी भरपूर आहेत," मी म्हटलं. "माणूस दिसत नाहीये."

"असं बोलू नये गो अशा वेळी."

"मग कधी बोलावं? पेढे वाटताना?"

वडिलांनी माझा दंड धरून मला जिन्यापर्यंत नेलं. मला वाटलं झापतील. तिथे त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाले, "मला फोनवर काल 'कसा आहेस रे' म्हणाला दादा. मला एवढं बरं वाटलं." वडिलांवर लिहायला मी बरंच काही ठेवलं होतं, ते इथे गाळते.

काका उठले, पण सावकाश उठले. आधी डोळे उघडले आणि आमच्यातून आरपार पाहिलं. मग काकूला ओळखलं. मग एका सकाळी नर्सने त्यांना आजोबा म्हटलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी बघून काकू बाहेर येऊन मला म्हणाली, "चिडले गो," आणि पदराने तोंड दाबून हसली की रडली ते मला ठरवता आलं नाही.

घरी आले तेव्हा उजवा हात थरथरत होता. शब्द अडायचे. समोरची वस्तू माहीत असायची, तिचं नाव येत नसायचं, आणि ते येईपर्यंत समोरचा दुसरंच बोलायला लागलेला असायचा. डॉक्टर म्हणाल्या होत्या की काही महिने लागतील, कदाचित सगळं परत येईल, कदाचित थोडं राहून जाईल. भावकीने मात्र त्यांना बरे जाहीर करून टाकलं. चालतात, जेवतात, ओळखतात, अजून काय पाहिजे? एका बाईंनी काकूला सांगितलं, "कटकट कमी झाली, एक प्रकारे बरंच झालं."

काकू मला एकटीला एकदा म्हणाली, "खोटं नाय सांगत. ते मधले दिवस मला आठवतात. बरे वाटले होते. मला त्याची लाज पण वाटते, आणि तरी आठवतात." मी तिला लाज वाटून घेऊ नकोस असं म्हटलं. ती म्हणाली, "तुझं पत्रक नको मला. नुसती ऐक."

दिवाळी उलटल्यावर त्यांच्या इमारतीची सभा होती, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. मी त्या दिवशी तिथेच होते, काकांना धरून खाली घेऊन आले. विषय होता गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवू द्यायचा की नाही. सेक्रेटरीने कंपनीचं मोठं कौतुक केलं आणि कोणाची हरकत आहे का विचारलं, उत्तराची वाट न बघता पुढचं पान उलटत. काकांनी हात वर केला. हात थरथरत होता, म्हणून तो वर केलाय की नुसता हलतोय हे कळायला सगळ्यांना क्षणभर लागलं.

"बोला गुरुजी," सेक्रेटरी म्हणाला.

काकांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्यांनी गच्चीच्या दिशेने बोट केलं, मग खाली, खांबांकडे. ओठ हलत होते. मागून कोणीतरी खुर्ची सरकवली. कोणीतरी पोटरीवर चापट मारून डास मारला.

"ठीक आहे, त्रास नका घेऊ," सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाला. "बसा. गुरुजींची संमती आहे असं धरू या."

मी उठले. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. तो लगेच म्हणाला, "तू सभासद नाहीस."

"मी हाय," काकू म्हणाली. ती बायकांच्या मागच्या रांगेत बसली होती. त्या सभांमध्ये ती कधी बोललेली कोणी ऐकलेली नव्हती. "थांबा जरा. ते बोलतायत."

"वहिनी, ते बोलत नाहीयेत."

"शोधतायत. शोधू द्या."

सेक्रेटरीने खिशातून मोबाईल काढला. काकूने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो परत खिशात ठेवला. मग सगळे बसून राहिले, टॉवर हवा असलेले आणि नको असलेले, खालच्या मजल्यावरचा शेजारीही, आणि काका खांबाकडे बघत उभे होते, घामेजलेले, कपाळावर ती आठी.

"भार," ते म्हणाले. पुन्हा थांबले. कोणी हललं नाही. "गच्चीला. भार किती... झेपेल. कोणी काढलाय?"

सेक्रेटरी त्याच्या हातातले कागद चाळू लागला. पुढून मागे, मग मागून पुढे. आम्ही त्याच्यासाठीही थांबलो.